चंपतरावांची दाढ

"आ करा जी."

"केला न."

"हा आ व्हय?"

कुसुमताईंनी हातातली पेजेची वाटी खाली ठेवली. नवऱ्याचं तोंड एका बोटाच्या वर उघडत नव्हतं. उजवा गाल तट्ट फुगला होता आणि आवंढा गिळला की कळ थेट कानात जात होती. त्यात उद्या पाडवा. उद्यापासून रामनवमीपर्यंत धरमपेठेतल्या राममंदिरात महादेवबुवांचं कीर्तन, आणि बुवांच्या मागं झांजा घेऊन झील धरायला चंपतराव. बुवांनी ओळ सोडावी आणि मागच्यानं ती वरच्यावर झेलावी, जमिनीला लागू देऊ नये, याचं नाव झील. लग्न झालं त्या वर्षापासून ही जागा चंपतरावांची होती. दिवसभर ते सदर भागातल्या शिलाईच्या दुकानात लोकांच्या पँटी शिवत. पण कोणी विचारलं, काय करता, तर आधी झील सांगत आणि मग शिलाई.

दाढ काही कालची नव्हती. माहेरवाशिणीसारखी ती अक्कलदाढ सणावाराला यायची, गाल फुगवायची आणि चार दिवस राहून जायची. चंपतराव लवंग धरायचे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायचे आणि मालकाचे टोमणे ऐकायचे. मालक म्हणे, चाळिशीत अक्कल येऊन राहिली, मग दुखणारच. दवाखान्याचं नाव निघालं की मात्र चंपतराव विषय बदलत. टाळकरी मंडळींत एक समज पक्का होता, की दाढ काढली की सुराला टेका राहत नाही, आवाज पोकळ होतो. नरखेडकडचा एक झीलकरी म्हातारपणी नुसता फुसफुसायचा, तो दाढ काढल्यापायीच, असं सगळे सांगत. त्याचे बत्तीसच्या बत्तीस दात पडले होते, हे मात्र कोणी सांगत नसे.

"चला दवाखान्यात," कुसुमताई म्हणाल्या. "का नऊ दिवस असेच गाल धरून उभे राहता देवापुढं?"

पंचाहत्तर सालची ही गोष्ट. सदरमध्ये दुकानामागच्या गल्लीत तेव्हा दातांच्या नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, शामलाबाई. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या. लेकीच्या वयाच्या बाईपुढं तोंड उघडायची चंपतरावांना लाज वाटली, पण तोंड उघडतच नव्हतं, त्यामुळं लाज तेवढी झाकली गेली. बाईंनी बारक्या आरशानं जमेल तेवढं आत पाहिलं, बाहेरून जबडा चाचपला आणि सांगितलं, की खालची दाढ आडवी आलीय. शेजारणीला टेकून अडकलीय, अर्धी अजून हिरडीखालीच आहे. त्या कपारीत अन्न जाऊन कुजतं, म्हणून दर वेळी सूज. ही काढावीच लागेल. पण आज नाही. आधी गोळ्यांनी सूज उतरू दे, तोंड उघडू दे, मग.

"काका, आधीच्या सुजेनंतर लगेच आला असतात तर एका सकाळचं काम होतं," त्या म्हणाल्या. "आता आठवडा जाईल."

कुसुमताईंनी लगे हात डावीकडचीही काढून टाका म्हटलं, एकदाच काय तो निकाल लागू दे. बाई म्हणाल्या, ती सरळ उगवलीय, ब्रश पोचतो, तिची कसली तक्रार नाही. अक्कलदाढ आहे म्हणून काढायची नसते, छळते म्हणून काढायची असते.

चंपतरावांनी मिटल्या दातांतून एकच शब्द विचारला. "आवाज?"

बाई हसल्या नाहीत. "त्यासाठी थांबला होतात? दाढ गेल्यानं गाणं जात नाही, काका. टाका सुकेपर्यंत मात्र गाऊ नका."

म्हणजे रामाचं नवरात्र गेलंच. घरी येऊन चंपतरावांनी झांजा काढल्या, पुसल्या आणि पुन्हा पिशवीत घातल्या.

संध्याकाळी महादेवबुवा स्वतः घरी आले. सत्तरीचा माणूस, तोंडात अखंड रामाचं नाव. त्यांनी गाल पाहिला, चहा घेतला, दुखण्याची चौकशी केली. मग म्हणाले, झांजेला दुसरा कोणी मिळेल, पण अष्टमीचं शबरीचं पद नवीन आहे, ते एवढ्यात कोणाला शिकवू? पद त्यांनी स्वतःच रचलं होतं आणि माघापासून चंपतरावांबरोबर बसवलं होतं. चाल आठवावी म्हणून त्यांनी बसल्या बसल्या हलकेच ओळ सोडली, "ये रे रामा..."

चंपतरावांनी ती नाकातून धरायला पाहिली. वरच्या सुराला जबड्यात सणक आली आणि सूर तुटला.

"...दार उघडेच आहे," स्वयंपाकघरातून आलं.

आत कुसुमताई कणीक मळत होत्या. आपण गायलो हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. माघापासून नवरा तेच घोळवत होता आणि पोळ्या लाटता लाटता त्या ओळ पुरी करत होत्या. बुवांनी पुन्हा ओळ टाकली, या खेपेला उंच. आतून ती पुन्हा झेलली गेली. मग आपण गातोय हे ध्यानात आलं आणि कुसुमताई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"उद्या सहाले या, ताई," बुवा म्हणाले.

"मी? तुमच्या मागं? मले नाही जमत जी."

"मंग आत्ता जमलं ते काय होतं?"

चंपतरावांनी भिंतीकडं पाहत कसेबसे शब्द बाहेर ढकलले. "लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन, झील बरी धरली." बुवा उठले, उपरणं सारखं केलं. "चंपतराव, जागा देवाची हाय. तुमची नाही आन माही बी नाही."

खोटं काय होतं त्यात? कीर्तनात हेच ऐकून चंपतरावांनी कितीदा मान डोलावली होती. पण दुसऱ्याला लागू पडणारं वचन आणि आपल्या अंगावर आलेलं वचन यांत फरक असतो, आणि तो फरक देव हसत पाहत असतो.

पाडव्यापासून कुसुमताई डोक्यावर पदर घेऊन, पिशवीत नवऱ्याच्या झांजा घेऊन मंदिरात जाऊ लागल्या. परत आल्या की प्रसाद देवापुढं ठेवायच्या. कसं झालं विचारलं तर "झालं" एवढंच म्हणायच्या.

"तुम्ही काहून येत नाही जी?" एकदा त्यांनी विचारलं. "बुवा रोज आठवण करून राहिले."

"गोळीनं गुंगी येते वं."

गोळीनं गुंगी येत नव्हती. आपल्या जागी दुसरं कोणी उभं असलेलं पाहण्याइतका जीव अजून मोठा झाला नव्हता, एवढंच.

सप्तमीला तोंड तीन बोटं उघडलं आणि शामलाबाईंनी दाढ काढली. सुई टोचली, हिरडी कापली, दाढ दोन तुकड्यांत बाहेर आली आणि वर एक टाका पडला. घरी जाताना चंपतरावांनी, नको सांगितलेलं असतानाही, जिभेनं तो चाचपून पाहिला. जीभही शिंप्याचीच. टाका सरळ आहे, ओढ सारखी आहे, बाईचा हात चांगला आहे, असं त्यांनी कुसुमताईंना खुणेनं सांगितलं. कितीतरी दिवसांनी त्या मोकळं हसल्या.

अष्टमीला गोळ्या संपल्या आणि सबब उरली नाही. ऐन चैत्रात गालाला मफलर गुंडाळून चंपतराव मंदिरात गेले आणि कुठं बसावं ते न कळून श्रोत्यांत तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. कीर्तनाला आपण पुढून कधी बसलोच नाही, हे त्यांना तिथं बसल्यावर कळलं.

शबरी झोपडीची वाट झाडून उभी होती. तिचे डोळे थकले, पाय थकले, असं सांगत सांगत बुवा दोन पावलं पुढं आले आणि त्यांनी ओळ सोडली, "ये रे रामा..."

सवयीनं मफलरच्या आत चंपतरावांचं तोंड उघडलं.

"...दार उघडेच आहे."

कुसुमताईंची नजर झांजांवर खिळलेली होती. चंपतराव घेत तशी त्यांनी तान घेतली नाही. आपल्याच घरातून कोणाला हाक द्यावी तसं साधं म्हटलं.

चंपतराव मात्र बुवांकडं पाहत होते. इतकी वर्षं त्यांना दिसली होती ती पगडीची मागची बाजू, मानेवरचा घाम आणि उपरण्याचं टोक. पुढचा चेहरा लोकांसाठी होता. मागून ओळ उचलली गेली तसे बुवांनी डोळे मिटले. कपाळाच्या आठ्या सैल झाल्या. डोक्यावरचं ओझं वाटेतल्या दगडावर टेकवून वाटसरूनं घटकाभर उभं राहावं, तसा तो म्हातारा चेहरा निवांत झाला. मग डोळे उघडले आणि बुवा पुन्हा शबरीच्या दारी गेले.

मागून धरलं की पुढं असं होतं तर. इतकी वर्षं होत आलं, आणि त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? झील धरणाऱ्याखेरीज सगळ्यांनी ते पाहिलं होतं, आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलं नव्हतं.

बुवांनी पुन्हा ओळ सोडली. चंपतरावांचा मफलर सुटून मांडीवर आला होता. सुजलेला गाल तसाच उघडा टाकून, ते बुवांचे डोळे मिटायची वाट पाहत राहिले.