सात सीटांची हौस

मी गाडी बोलतेय. काळी, उंच, सात सीटांची. सध्या मिशिगनमधल्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानासमोर उभी आहे, काचेवर किमतीचा कागद लावलेला. येणारा प्रत्येक जण आधी माझ्या टायरला लाथ मारून बघतो. त्यातून त्याला काय कळतं, ते मला अजून कळलेलं नाही.

माझा जन्म इथलाच, डेट्रॉइटजवळच्या कारखान्यातला. मराठी मात्र मी घरी शिकले, ट्रॉयमधल्या सुशांत आणि रुचाच्या घरी. माणसं घरात जे बोलत नाहीत ते गाडीत बोलतात, कारण गाडीत एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. त्यामुळे माझं मराठी बऱ्यापैकी पक्कं झालं, विशेषतः भांडणातलं.

सुशांत मूळचा नागपूरचा, आयटीत नोकरीला. रुचा पुण्याची. त्यांची आन्या इथेच जन्मली. या तिघांचं माझ्यावाचून काहीही अडलं नव्हतं. रुचाची छोटी गाडी होती, सुशांतची पाच सीटांची होती. पण नागपूरहून सुशांतचे आईवडील सहा महिने राहायला येणार होते.

"मागे तिघांना दाटीवाटी होईल यार," सुशांत रुचाला म्हणाला. "आई पहिल्यांदा येतेय. तिला ऐसपैस बसता आलं पाहिजे."

तीन आणि दोन पाच होतात आणि पाच माणसं पाच सीटांत मावतात, हे पहिलीतल्या पोराचं गणित. पण हौसेला मोल नाही म्हणतात ना, तसं झालं. सुशांतच्या जुन्या गाडीचं कर्ज अजून फिटलं नव्हतं. सेल्समन म्हणाला, काही प्रॉब्लेम नाही, जुनी आम्ही घेतो, तिचं उरलेलं नव्या कर्जात मिसळून टाकू. म्हणजे जी गाडी आता दारात नव्हती तिचेही हप्ते माझ्या डोक्यावर आले. घरी आल्यावर मला हळदकुंकू लागलं, चाकाखाली लिंबं ठेवली गेली, ड्राइव्हवेवर नारळ फुटला. सुशांतनं माझा फोटो नागपूरला पाठवला. मीही तेव्हा जरा फुशारलेच होते, खोटं कशाला बोलू!

उन्हाळ्यात आजी-आजोबा आले. विमानतळावर आजी माझ्या दारापाशी आल्या, पायरीकडे बघितलं, मग आत सीटकडे बघितलं, आणि हसल्या. शेवटी सुशांतनं वरून ओढलं आणि आजोबांनी खालून आधार दिला, तेव्हा कुठे त्या आत आल्या. "बाप्पा, केवढी उंच गाडी घेतली रे!" त्या म्हणाल्या. सुशांतनं ते कौतुक समजून घेतलं.

त्यानंतर आजी काही केल्या माझ्यात बसेनात. देवळात जायचं असो की तळ्यावर, त्यांचं उत्तर ठरलेलं. "तुम्ही जा. मला मेथी निवडायची आहे." नाहीतर, "माझा जप राहिला आहे." सुशांतला वाटलं, आईला अमेरिका आवडली नाही. मग त्यानं मोठ्या सहली ठरवायला सुरुवात केली. शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूवर साड्या घ्यायला. नायगाऱ्याला धबधब्यासमोरची खोली. ऐन सकाळी आजी म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या," आणि आजोबा म्हणाले, "मग मीही राहतो." हॉटेलचे पैसे परत मिळणारे नव्हते. असे सगळे खर्च क्रेडिट कार्डावर चढत गेले.

त्यातच रुचाचं वर्क परमिट रिन्यू व्हायचं ते अडकलं आणि तिची नोकरी सुटली. सुशांत व्हिसावर, त्यामुळे त्याला दुसरं काम करायची परवानगी नाही. वर त्याच्या ऑफिसात माणसं कमी करायचं चाललेलं. नोकरी गेली तर दोन महिन्यांत देश सोडावा लागणार, आणि कर्ज काही विमानात बसवून परत नेता येत नाही. ही त्याची खरी भीती. ती त्यानं कुणालाच सांगितली नाही. रुचालाही नाही. तिला माझे हप्ते माहीत होते, कार्डांवर किती चढलंय ते माहीत नव्हतं. तो रोज सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये इंजिन बंद करून थोडा वेळ नुसता बसून राहायचा. मला तेव्हा त्याची दया यायची.

एका रविवारी देवळातून परत येत होतो. आजोबा पुढे, रुचा आणि आन्या मागे. सुशांतचा फोन वाजला. त्याचा फोन माझ्या स्पीकरला जोडलेला, त्यानं सवयीनं बटण दाबलं. एक बाई गोड आवाजात बोलू लागली. तुमचा हप्ता पास्ट ड्यू आहे, म्हणजे थकलाय, आज किती भरू शकाल? सुशांतनं फोन कट केला.

"राँग नंबर," तो म्हणाला.

बाईनं त्याचं पूर्ण नाव, आडनावासकट, घेतलं होतं. आन्यानं कानातले इअरफोन काढले आणि पुन्हा घातले. आजोबा खिडकीबाहेर बघत राहिले. पुढचे कित्येक दिवस हा विषय निघाला नाही, आणि मला वाटलं, संपलं.

सहा महिने झाले, आजी-आजोबा परत निघाले. आजींना या वेळी चढावंच लागलं. विमानतळ आला, सुशांतनं मला प्रवेशदारासमोर लावलं. आजोबा सीटचा पट्टा सोडेनात.

"सुशांत, किती आहे?" त्यांनी विचारलं.

"काय किती, बाबा?"

"देणं. मी उभा जन्म वीज मंडळात थकबाकीच्या मागे फिरलो. दार वाजवलं की लोक आतून सांगायचे, साहेब घरी नाहीत. त्या दिवशी तू अगदी तसाच बोलला."

तेवढ्यात पोलिसानं काचेवर टकटक केली. इथे थांबायचं नाही, पुढे चला. सुशांतनं मला पुढे काढलं. विमानतळाचा रस्ता गोल फिरून पुन्हा तिथेच येतो. आम्ही फिरून आलो, थांबलो, पुन्हा हाकलले गेलो. अशा चकरा मारता मारता सुशांतनं सगळं सांगून टाकलं. माझं, माझ्या आधीच्या गाडीचं, चारही कार्डांचं. सगळं मिळून पासष्ट हजार डॉलर.

"चार कार्डं?" रुचा मागून म्हणाली. "मला दोनच माहीत आहेत."

"सांगणार होतो."

"कधी? मी भाजी घेताना कोथिंबिरीची जुडी परत ठेवत होते, सुशांत. आणि तू हॉटेलं बुक करत होतास?"

"आईसाठी करत होतो ना!" सुशांतचा आवाज चढला. "ही गाडी आईसाठी घेतली, ट्रिपा आईसाठी ठरवल्या, आणि आई घराबाहेर पाऊल टाकायला तयार नाही. मी अजून काय करू?"

मागच्या सीटवरून आजींचा आवाज आला. "अरे, माझे गुडघे गेले आहेत. या गाडीत मला चढवत नाही. म्हणून मी येत नव्हते."

पोलीस पुन्हा हात करत होता. सुशांतनं त्याच्याकडे बघितलंच नाही.

"मग सांगायचं ना, आई."

"तू एवढ्या हौसेनं घेतली. तुझं मन कशाला मोडायचं? रुचाच्या गाडीतून म्हटलं असतं तर मी शिकागोपर्यंत आले असते."

मला वाईट वाटलं का? वाटलं. जिच्यासाठी आपल्याला आणलं तिलाच आपण नको होतो, हे ऐकायला कुणाला आवडेल? रुचा मात्र आधी रडली आणि मग हसायला लागली, आणि तिचं हसू थांबेना. आजोबा सामान उतरवताना मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पैसे देऊ करतो, पण तू घेणार नाही. घेऊही नको. फक्त यापुढे दार उघडत जा."

परतीच्या वाटेवर रुचानं बोलायला सुरुवात केली ती घर येईपर्यंत बोलतच राहिली. मला लगेच विकायचं ठरलं, पण विकता येईना. माझी बाजारातली किंमत कमी आणि माझ्यावरचं कर्ज जास्त. विकलं असतं तर वरचे पैसे खिशातून भरावे लागले असते, आणि खिसा रिकामा. म्हणजे मला घालवण्यासाठीसुद्धा आधी पैसे साठवणं आलं. पुढचं दीड वर्ष हे घर मला विकता यावं म्हणून पोटाला चिमटा काढत होतं आणि मीच त्यांना कामावर, शाळेत, दुकानात नेत होते. मजेशीर नोकरी होती.

शिकागोला खरेदीच्या चकरा बंद झाल्या. सकाळची बाहेरची कॉफी बंद झाली आणि माझ्या कपहोल्डरमध्ये घरचा चहा आला. शाळेनंतर आन्यासाठी पोळीचा रोल यायला लागला. आधी ती खिडकीबाहेर बघत खायची, मग मैत्रिणींना वाटायला लागली. गॅरेजमध्ये माझ्यासमोर स्टूल टाकून रुचानं सुशांतचे केस कापले. एक बाजू वर, एक खाली. आठवडाभर तो मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून बसला.

सगळ्यात अवघड गेलं ते मित्रांसोबतचं जेवण. आपल्या लोकांत हॉटेलचं बिल आलं की ते कोण भरणार यावरून झटापट होते, आणि सुशांत त्यात नेहमी जिंकायचा. त्या रात्री परत येताना त्यानं रेडिओ बंद केला.

"बिल आलं तेव्हा मी टॉयलेटला गेलो," तो म्हणाला. "अतुलनं भरलं."

"मग काय झालं? इतकी वर्षं तू भरलंस."

"लाज वाटली गं."

"वाटू दे," रुचा म्हणाली. "लाजेवर व्याज लागत नाही." पुढच्या वेळी तिनं अतुलच्या घरच्यांना सरळ फोन करून सांगितलं, आम्ही कर्ज फेडतोय, हॉटेल नको, घरी या, पिठलं-भात करते. ते आले, आणि भाकऱ्याही घेऊन आले.

घरात जास्तीचे पैसे कमवायची कायद्यानं मुभा असलेली व्यक्ती एकच होती, ती म्हणजे इथे जन्मलेली, म्हणून इथलीच नागरिक असलेली आन्या. ती शेजाऱ्यांची मुलं सांभाळायला जाऊ लागली. एकदा तिला आणायला गेलो तेव्हा तिनं नोटांची घडी पुढे केली.

"डॅड, जस्ट टेक इट."

"मुलीचे पैसे मी घेणार नाही."

"घे," रुचा म्हणाली. "तीही याच घरात राहते."

सुशांतनं घेतले. सिग्नल हिरवा झाला तरी त्यानं मला हलवलं नाही, मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा निघाला.

मग रुचाचं परमिट आलं, तिला नोकरी लागली. त्यानंतर कार्डं एकामागून एक संपली, आणि माझ्यावरचं कर्ज माझ्या किमतीच्या खाली आलं. गेल्या शनिवारी सुशांत मला या दुकानात घेऊन आला. सह्या झाल्या. राहिलेलं सगळं फिटलं आणि हातात आलं ते जेमतेम पेट्रोल भरण्यापुरतं. तरी रुचा त्या कागदाकडे लग्नाची पत्रिका असावी तसं बघत होती. ती आणि आन्या छोट्या गाडीत जाऊन बसल्या. सुशांत म्हणाला, "पाच मिनिटं," आणि माझ्यात येऊन त्यानं नागपूरला फोन लावला.

"बाबा, आज गाडी दिली. आता कुणाचं एका डॉलरचंही देणं नाही."

"बरं झालं," आजोबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आता तरी येशील का इकडे? तुझ्या आईला हल्ली अंगणापर्यंतही चालवत नाही."

पूर्वीचा सुशांत असता तर लगेच म्हणाला असता, येतो, पुढच्याच महिन्यात येतो, आणि फोन ठेवायच्या आत कार्डावर तिकिटं काढली असती. तो स्टिअरिंग धरून बसला होता.

"नाही बाबा. तिकिटाला पैसे नाहीत. साठवायला वर्ष तरी जाईल."

मग आजींनी फोन घेतला.

"सावकाश ये. साठवून ये, उधारीवर येऊ नको," त्या म्हणाल्या. "आम्ही कुठं पळून चाललो का? आम्ही आहोत की."

फोन संपल्यावर सुशांतनं माझ्या स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तो मोठ्यानं रडला. मग डोळे पुसले, माझ्या पडद्यावरून आपलं नाव काढून टाकलं, दार लावलं आणि गेला.

आता मी इथे उभी आहे. कुणी घेतलं तर जाईन, नाही घेतलं तरी माझं काही बिघडत नाही. तुम्ही कुणासाठी हौसेनं काही घ्यायला निघाला असाल, तर आधी त्या माणसाला एकदा विचारा, इतकंच सांगेन. आणि एक मागणं आहे. मला देवाधर्माचं काही कळत नाही, तुम्हाला कळत असेल तर माझ्या वतीनं मागा. नागपूरच्या त्या म्हातारीला वर्षभर काही होऊ नये.