गाडी कुठे आली ते बघायची लिंक

काकांचा स्वभाव मुळातच संशयी. शाळेची गाडी चालवणाऱ्या माणसाला तो शोभतोही म्हणा. सगळी मुलं उतरली तरी हा बाबा प्रत्येक सीटखाली वाकून बघणार, एखादं झोपलेलं राहिलं असलं तर? पण दुकानदाराने सुट्टे दिले तरी नोट उजेडात धरून बघणार, आणि बायकोने "सहज फोन केला" म्हटलं की "सहज म्हणजे कशाला?" हे ठरलेलं. मेहुणा तर त्यांना तोंडावर शंकासुर म्हणायचा.

आणि याच मेहुण्याने एके दिवशी त्यांना नवा धंदा शिकवायला घेतला.

"भाऊजी, गाडी कुठपर्यंत आली ते बघायची लिंक तुम्ही रोज पालकांच्या ग्रुपवर टाकता ना? ती लांबलचक लिंक या साइटवर टाकायची. साइट ती छोटी करून देते. मग ती छोटी लिंक जितके जण उघडतील तितके पैसे तुम्हाला."

"मला का म्हणून?"

"उघडणाऱ्याला आधी जाहिरात दिसते. जाहिरातवाला साइटला देतो, साइट तुम्हाला देते."

"साइट कोणाची आहे?"

मेहुण्याला काय ठाऊक असणार? "विमानात बसताना पायलटचं आडनाव विचारता का तुम्ही?" तो म्हणाला.

"अजून बसलो नाही. बसलो तर विचारीन."

पण गाडीचा क्लच कधीपासून कुरकुरत होता, आणि मेकॅनिकने सांगितलेला खर्च काकांच्या आवाक्याबाहेरचा होता. तेव्हा सुट्टीच्या दिवशी ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चष्मा लावून बसले. साइटने नाव विचारलं, त्यांनी भलतंच नाव लिहिलं. पत्ता विचारला, तर कुठल्यातरी मोकळ्या मैदानाचा दिला. खरं सांगायला ते काय खुळे होते?

मग छोटी लिंक आधी स्वतः उघडून बघितली. दात दाखवून हसणारी एक बाई आली, थांबा म्हणणारे आकडे उलटे पळाले, मग 'पुढे जा' अशी तीन बटणं आली. त्यातलं एकच खरं. ते हुडकून दाबलं तेव्हा कुठे नकाशावर गाडी दिसली. कमाईचा आकडा मात्र जागचा हलला नाही. साइटला खातेदाराचं स्वतःचं बोट चालत नव्हतं, दुसऱ्याचं हवं होतं. काकांनी बायकोचा फोन मागितला.

"हलला," काका आकड्याकडे बघत म्हणाले.

"अहो, पण माझ्या फोनवर हे काय आलंय? काहीतरी परवानगी मागतंय."

"नाही म्हण."

"नाही कुठे आहे इथे? 'हो' आहे आणि 'नंतर' आहे."

"मग नंतर म्हण," काका म्हणाले. त्यांचा जीव आकड्यात अडकला होता. त्यांचा सगळा संशय एकाच ठिकाणी जाऊन बसला होता: ही मंडळी आपले पैसे बुडवणार. म्हणून ग्रुपवर रोज छोटी लिंक टाकायला लागल्यावर थोडे पैसे जमल्याबरोबर त्यांनी काढून बघितले. पैसे आले. दुसऱ्यांदाही आले. इथे आपल्या शंकासुराने हत्यार टाकलं.

पालक बिचारे रोज लिंक उघडायचे. एका आईने विचारलं, "काका, हल्ली गाडी दिसायला वेळ का लागतो?" काकांनी उत्तर टाकलं, "नेटवर्क." लिहिताना जरा कचरले खरे, पण लिहिलं.

आणि मग ती दुपार आली. कोपऱ्यावरच्या इमारतीत एक छोटी मुलगी उतरायची. आईबाप कामावर, त्यामुळे घ्यायला आजोबा येत. आजोबांना ऐकू फार कमी यायचं. हॉर्न नाही, दाराची बेल नाही, फोनची रिंग तर नाहीच. ते लिंक उघडून बसायचे आणि नकाशावर गाडी वळणाशी आली की जिना उतरायचे. काका पोचायच्या आधी फाटकात हजर. त्या दिवशी फाटक रिकामं होतं.

मुलाचा हात घरच्या माणसाच्या हातात दिल्याशिवाय काका सोडत नसत. आणि गाडीत बाकीची मुलं टाकून वर जाणंही शक्य नव्हतं. छोटी त्यांचं बोट धरून उभी होती. मागे मुलं कलकलाट करत होती. आजोबांना काही झालं तर नसेल? शेवटी तळमजल्यावरच्या बाईंना विनवलं, त्या वर गेल्या, जिन्याकडच्या खिडकीतून आत हात हलवत राहिल्या तेव्हा आजोबांचं लक्ष गेलं.

आजोबा धापा टाकत खाली आले, फोन हातातच. "माफ करा हो, एक भरलं की दुसरं विचारत होतं. गाडी काही दिसेचना."

"काय भरलंत?" काकांनी खुणेने विचारलं आणि फोन हातात घेतला.

वर बक्षीस लागल्याचं चित्र होतं. खाली रकाने होते, आणि आजोबांनी ते एकेक करून सुवाच्य भरले होते. नातीचं नाव. शाळा. इमारत, मजला. घरी मोठं माणूस कधी नसतं, तेसुद्धा. तळाशी हिरवी बरोबरची खूण होती. सगळं केव्हाच निघून गेलं होतं.

"तुमच्याकडून आलं म्हणजे पोरीच्या काळजीपोटीच विचारत असणार," आजोबा म्हणाले. "एक अक्षर खोटं लिहिलं नाही. हवं तर तपासून घ्या."

काकांनी स्वतःचं नावसुद्धा खरं दिलं नव्हतं, आणि या म्हाताऱ्याने अख्खं घर देऊन टाकलं होतं. कोणाला, ते कोणालाच माहीत नव्हतं.

बाकीची मुलं घरोघर सोडून काकांनी गाडी बाजूला लावली आणि साइटवरचं खातं पुसून टाकलं. पण रकान्यातलं पुसायची सोय कुठेच नव्हती. संध्याकाळी छोटीची आई कामावरून आली तेव्हा ते तिच्या दारात उभे होते. मेहुणा फोनवर म्हणाला होता, गप्प बसा, कोणाला कळणार आहे? काका गप्प बसले नाहीत. जाहिरात, पैसे, रकाने, सगळं सांगितलं. 'नेटवर्क'ही सांगितलं.

आईचा चेहरा उतरत गेला. मुलीचं दप्तर तिने छातीशी धरलं. "उद्यापासून मी सोडीन तिला," ती म्हणाली. "आणि बाकीच्यांना आज तुम्हीच सांगा. नाहीतर मी सांगते."

"सांगतो," काका म्हणाले.

आतून, खुर्चीतून, आजोबांनी हात वर केला. एवढ्या वेळात त्यांना एक शब्द ऐकू आला नव्हता.

"अगं, त्यांना आत तरी बोलव," ते सुनेला मोठ्याने म्हणाले. "माझ्या कानांमुळे आज किती वेळ ताटकळले. दुसरा असता तर पोरीला फाटकात सोडून गेला असता. या माणसावर डोळे मिटून विश्वास ठेव."