सुकरीची फणी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फणी आहे. माझे काही दात तुटले आहेत आणि अंगाला भेग पडली आहे. भामरागडजवळच्या एका जंगलगावात दसरू नावाच्या तरुणाने मला कोरले आणि त्याच्याशी लग्न ठरलेल्या सुकरीला दिले. ती मला अंबाड्यात खोवून बाजाराला जाई, तेव्हा बाया थांबून मला निरखत.

ऋतू केसांचे काय करतात, हे मी तिच्या डोक्यावर शिकले. उन्हाळ्यात केस गवतासारखे कोरडे होत, ओढले की तुटत. पावसाळ्यात ते लवकर वाळत नसत. कुबट वास येई, उवा होत. थंडीत टाळूचा कोंडा निघे आणि मोहाच्या बियांचे तेल थिजून जाई. सुकरी ते चुलीजवळ ठेवून पातळ करी, लेकीला, करिश्माला, पुढ्यात बसवी आणि सावकाश विंचरी. तेलाचा हात मलाही लागे. ते माझे सुखाचे दिवस होते.

करिश्मा नर्सिंग शिकायला चंद्रपूरला निघाली, तेव्हा सुकरीने मला तिच्या पिशवीत घातले. चंद्रपूरच्या उन्हात डोके घामाने भिजे. ती ओले केस तसेच घट्ट बांधी. माझ्या दातांत केसांचे पुंजके येऊ लागले.

"ही फणीच केस तोडून राह्यली," ती म्हणाली.

तिच्याच खोलीत राहणारी रंजीता म्हणाली, "फणीले काऊन बोलतेस? घाम वाळू दे, मंग बांधत जा."

करिश्माने ऐकले नाही. प्लास्टिकचा कंगवा आणला आणि मला खिडकीत टाकले. तिथे उन्हाने मी तडकले, काही दातही तुटले.

पावसाच्या तोंडावर ती गावी गेली. निघताना तिने मला खिडकीतून उचलून पिशवीत कोंबले होते, मी तळाशी होते. परत निघताना सुकरीने तेलाची वाटी भरून आणली.

"बस इथी. केस इचरून घे माह्याकडून."

"माय, बस निघून जाईन. पुढच्या वेळी."

पुढे पूर आला, रस्ता तुटला. गावात सुकरीला हिवताप झाला. करिश्मा दिवाळीला आली, तेव्हा आई बरी झाली होती, पण डोक्याला फडके गुंडाळून बसली होती. तिचे केस मुठीमुठीने गळले होते.

"माय, काऊन सांगितलं नाई?"

"कसं सांगू? फोनच लागत नव्हता."

करिश्माने समजावले, "मोठ्या तापानंतर केस गळतात. पुन्हा येतात."

"येतील तवा येतील," सुकरी म्हणाली. "आता इचराले काई उरलं नाई."

करिश्माने मला पिशवीतून बाहेर काढले. हलक्या हाताने विंचरू लागली. पण माझा तुटका दात आईच्या टाळूला टोचला आणि ती कळवळली. करिश्माने मला खाली ठेवले. मग ती बोटांनीच केस सोडवत राहिली. तिचे डोळे वाहत होते.

केस पुन्हा आले, पण विरळ आणि पांढरे. अंबाडा काही झाला नाही. दसरूने मला भिंतीच्या खुंटीला अडकवले.

मित्रांनो, घामाने ओले केस बांधू नका, पावसात भिजलेले केस आधी वाळवा, आणि लाकडाच्या फणीला उन्हात टाकू नका. आई पुढ्यात बसायला बोलावील, तेव्हा मात्र जाऊन बसा. फार वेळ लागत नाही.