माउसची चौकट

चाकणच्या कंपनीत केयूर नगरकरला सगळे पिवळ्या टेपवरून ओळखत. प्लॅनिंगचं काम सांभाळून तो ऑफिसची 'फाइव्ह-एस' व्यवस्था बघायचा. म्हणजे प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा आणि त्या जागेभोवती पिवळ्या टेपची चौकट. स्टेपलरला चौकट, बाटलीला चौकट, माउसलाही. वस्तू चौकटीबाहेर दिसली की केयूर त्या टेबलावर लाल चिठ्ठी लावणार आणि चिठ्ठीवाल्याने सगळ्यांना वडापाव खिलवायचा, असा रिवाज होता.

"भाऊ, एक दिवस मलाबी चौकटीत उभं करशील," असेंब्ली लाइनचा सुपरवायझर सयाजी म्हणायचा.

"तू चौकटीत मावायचा नाहीस, राव."

पावसाळा सरताना केयूरचं उजवं मनगट दुखायला लागलं. सयाजीने तांब्याचं कडं घालायला सांगितलं. कड्यासकट दुखू लागलं. घरी बायकोने, सईने, तेल चोळलं. पण एके सकाळी त्याला कुकरचं झाकण लावता येईना, तेव्हा तिने झाकण आपल्या हातात घेतलं आणि फर्मावलं, "आज रहाटणीला जायचं. अनुयाकडे. काम आहे म्हणालास तर वरणही मिळणार नाही."

फिजिओथेरपिस्ट अनुयाने मनगट सगळीकडून वळवून पाहिलं. मग त्याला टेबलाशी बसवलं. "रोजच्यासारखे बसा."

केयूरचा हात आपसूक बाजूला, थेट टेबलाच्या कडेपर्यंत गेला.

"माउस इतका लांब?"

"चौकट तिथे आहे."

"आणि मध्ये काय?"

"बाटली."

"चौकट कुणी आखली?"

केयूरने पंख्याकडे पाहिलं. "मीच. माउस कीबोर्डला चिकटून ठेवला की ऑडिटच्या फोटोत त्याची चौकट नीट दिसत नव्हती."

अनुयाने हसू दाबलं, पण पुरतं नाही. "दिवसभर हात लांबवून आणि मनगट वाकवून बसल्यावर दुखणारच. माउस कीबोर्डशेजारी आणा. कोपर अंगाजवळ, मनगट सरळ. खुर्ची थोडी उंच करा, पाय टेकत नसतील तर खाली पाट घ्या. माउस आवळून धरू नका, अधूनमधून हात सोडून बसा. आणि बोटांना मुंग्या यायला लागल्या तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका."

उपाय सोपा होता. अडचण शुक्रवारच्या ऑडिटची होती. फाइव्ह-एसची फिरती शील्ड दोन वर्षं केयूरच्या विभागाकडे होती. मंजूर झालेली चौकट प्लँट हेड सोपानरावांच्या सहीशिवाय हलवता येत नव्हती आणि सोपानराव ऑडिटनंतर परतणार होते. हा नियमही केयूरनेच लिहिलेला.

त्याने मधला मार्ग काढला. एकटा असताना माउस जवळ आणि कुणी आलं की चौकटीत. ऑफिसात येणाऱ्यांची काही कमी नव्हती. दुपारपर्यंत मनगट आधीपेक्षा जास्त ठणकू लागलं.

"माउस हाय का कोंबडी?" दारातून सयाजीने विचारलं. "मानूस दिसलं की खुराड्यात!"

शुक्रवारी ऑडिटला अरुंधती मॅडम आल्या. प्लॅनिंगचं टेबल फोटोशी ताडून पाहिलं. तंतोतंत जुळलं. "पैकीच्या पैकी," त्या म्हणाल्या. "आता फक्त आजचा प्लॅन उघडून दाखवा."

मागे विभागातले सगळे उभे होते. केयूरने चौकटीकडे हात लांबवला. मनगटातून कळ कोपरापर्यंत गेली. पुणे-नाशिक रस्त्यावर ऐकू जावं असं तो ओरडला नाही, पण दाढा आवळल्याचं सगळ्यांना दिसलं. त्याने हात मागे घेतला. डाव्या हाताच्या नखाने पिवळी टेप सोलली, माउस कीबोर्डला भिडवला आणि प्लॅन उघडला. मग खणातली लाल चिठ्ठी काढून स्वतःच्या टेबलावर लावली.

"विनापरवाना बदल," त्याने मॅडमना सांगितलं. "मार्क कापा."

त्यांनी कापले. शील्ड असेंब्लीकडे गेली. केयूरने डाव्या हाताने वडापाव वाटले. सयाजीने दोन घेतले.

सोपानरावांची सही झाली, मनगटाचं दुखणं हळूहळू उतरू लागलं आणि कुकरचं झाकण परत केयूरकडे आलं. मग सयाजीचा फोन आला. "भाऊ, शील्डला चौकट मारून दे की."

केयूर टेप घेऊन गेला. पण टेप सोडवण्याआधी त्याने सयाजीला खुर्चीत बसवलं. "कोपर अंगाशी घे. आता हात पुढे कर."

"आरं, शील्ड हाय ती! तिला कोन हात लावतंय?"

"हात कर," केयूर म्हणाला. "तिच्यावरची धूळ पुसणार कोण?"