हळदी रंगाची, कापडी छताची

मी एक दोन माणसांची गाडी. रंग हळदीचा, अंग बुटकं, इंजिन दांडगं, आणि डोक्यावर छत म्हणाल तर काळ्या कापडाचं. दोन खिट्ट्या सोडल्या की ते छत मागे घडी होऊन बसतं आणि वर नुसतं आभाळ उरतं. ह्या कापडापायीच माझं नशीब कितीतरी दिवस अडून बसलं होतं.

माझा जन्म परदेशी कारखान्यातला. पहिला मालक रायपूरचा एक हौशी तरुण. हौस पहिल्या उन्हाळ्यातच वितळली. छत उघडलं तर डोकं तापे, मिटलं तर मग वेगळी गाडी कशाला, असं त्याला वाटे. मी अंगणात उभी राहून धूळ खाऊ लागले. शेवटी भिलाईजवळच्या हथखोजच्या हेमराजनं मला उचलून आपल्या जुन्या गाड्यांच्या आवारात आणलं. गिऱ्हाइकं येत, स्टेअरिंग धरून फोटो काढून घेत, छताला बोट लावून बघत आणि निघून जात. दिवाळीपर्यंत कुणी नेली नाही तर खोलून सुटे भाग विकू, असं हेमराज बोलू लागला होता. ते ऐकल्यापासून मी देवाचं नाव घेत उभी असे.

आणि शेषराव आले.

ते भिलाई स्टील प्लांटच्या, पोलादाचे जाड पत्रे लाटणाऱ्या प्लेट मिलमधून निवृत्त झालेले. शेजारीच त्यांच्या मित्राची, देवरावांची, वेल्डिंगची शेड होती. तिथं चहाला येता येता त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी इंजिन चालू करून डोळे मिटून ऐकलं, तेव्हाच मला समजलं की ह्या माणसानं अशा गाडीचं स्वप्न उभी नोकरी उराशी धरलंय. मग खिशातून लोहचुंबक काढून त्यांनी माझं सारं अंग तपासलं. दाराला चिकटलं, बॉनेटला चिकटलं. छतावर ठेवलं तर घसरून मातीत पडलं. शेषरावांचा चेहराही तसाच पडला.

त्यांचे वडील प्लांटच्या बांधकामावर मजूर होते. लहानपण ताडपत्रीखाली गेलं, आणि एका वादळात ती ताडपत्री उडून सगळा संसार उघड्यावर आला होता. तेव्हापासून कापडी छतावर त्यांचा विश्वासच नव्हता. तरी रोज यायचे, माझ्याभोवती फिरायचे आणि मान हलवून परत जायचे.

"पोरीसाठी जावाई पायतं का बे?" देवराव एकदा म्हणाले. "पसंत हाय तं घेऊन टाक."

"गाडी पसंत हाय. छत नाई."

"मंग लोखंडाचं ठोकू. आपल्या शेडात प्लेट पडलीच हाय."

प्लेट मिलच्या माणसाला ह्याहून गोड उपाय कोणता? दुसऱ्याच दिवशी टेप लागली, माझ्या काचेच्या चौकटीवर खडूच्या रेघा आल्या, शेडमध्ये प्लेट कापलीही गेली. मी मनातून हादरले. विकत घेतलं जाणार होतं मला, पण कायमचं झाकून. तरी सुटं होण्यापेक्षा हे बरं, अशी मनाची समजूत घालत राहिले.

शेषरावांच्या घरी एक रीत होती. नव्या कामाला हात लावण्याआधी तुळसाबाईंचं हळदीकुंकू लागायचं. म्हणून हेमराजकडून तासाभरासाठी मागून त्यांनी मला सेक्टर सहामधल्या क्वार्टरवर आणलं.

तुळसाबाई ताट घेऊन बाहेर आल्या, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत. ह्या बाईंना बंद गाडीत कधी बसवत नसे. काच उघडी असली तरी डोक्यावर छत आलं की जीव घाबरा होई. सारी वर्षं त्या शेषरावांच्या स्कूटरवर मागे बसून हिंडल्या. मुलगी रोशनी लहानपणी तापातून वाचली, तेव्हा त्यांनी देवीला नवस बोलला होता की नवरात्रातला घट दरवर्षी मी माझ्या मांडीवर शिवनाथ नदीला नेईन आणि माझ्याच हातानं पाण्यात शिरवीन. पण गुडघे गेले आणि स्कूटरवर पाय टाकणं सुटलं. मागल्या दसऱ्याला ऑटो करून निघाल्या, तर चौकातच घाम फुटला. परत यावं लागलं. घट शेजारच्या मथुरेनं नेला, आणि तुळसाबाई फाटकाशी उभ्या राहून पदरानं डोळे पुसत राहिल्या.

त्यांनी मला कुंकू लावलं. नवऱ्याच्या आनंदासाठी बसूनही पाहायला गेल्या. पण मी बुटकी आणि छत मिटलेलं. गुडघा वाकेना, डोकं अडकलं, श्वास कोंडला. त्या पटकन मागे सरल्या.

"तुमीच फिरा यात," त्या हसून म्हणाल्या. "मी घरून पाईन."

लोखंडी छत कसं बसेल ते दाखवावं म्हणून शेषरावांनी खिट्ट्या सोडल्या आणि कापड मागे लोटलं. वर कडुनिंबाच्या फांद्या आणि मोकळं आभाळ. तुळसाबाई बघत राहिल्या. मग काचेची चौकट धरून, उभ्या उभ्याच सीटकडे पाठ करून अलगद खाली बसल्या. वर अडवायला काही नव्हतंच. एकेक पाय आत घेतला.

"फिरवा एक चक्कर," त्या म्हणाल्या.

सेक्टरची गल्ली संपली, चौक आला, चौकही मागे पडला. त्यांना घाम फुटला नाही. पदर वाऱ्यावर होता आणि चेहरा वर.

"याच्यावर छत नका ठोकू जी. यंदा घट मलेच नेता येईन."

शेषरावांनी गाडी कडेला घेतली. "कपडा हाय तुळसा. पाणी आलं तं?"

"तं भिजू. स्कूटरवर काय कोरडे जात होतो?"

त्यांनी वळून शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. हौस आपली एकट्याची धरली होती त्यांनी. ही शेजारची सीट त्यांच्या हिशेबात रिकामीच होती. मग खाली उतरून त्यांनी रुमालानं माझ्यावरच्या खडूच्या रेघा एकेक करून पुसल्या, आणि तिथूनच हेमराजला फोन लावून सांगितलं की गाडी घेतली, आहे तशीच. पुढचा फोन देवरावांना. ते मात्र चिडले, प्लेट कापून ठेवली ना बाप्पा, तिचं आता काय करू म्हणाले. तिला आणखी पत्रे जोडून मग आमच्या फाटकाआत शेड झाली. रोज मी तिच्या सावलीत उभी असते, आणि शेषरावांचं मनही राहिलं.

दसऱ्याला माझ्या नाकावर झेंडूची माळ होती. तुळसाबाईंच्या मांडीवर घट, त्यात उगवलेलं हिरवंपिवळं वीतभर धान डोलत होतं. दुर्गच्या रस्त्यानं आम्ही निघालो तेव्हा लोक गाडीकडे पाहायचे आणि मग घट दिसला की हात जोडायचे. मिरवणुकीचा रथ कसा असतो मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी मी स्वतःला रथच समजले. शिवनाथेच्या पायऱ्या त्या नवऱ्याचा हात धरून उतरल्या आणि घट स्वतःच्या हातांनी पाण्यात सोडला. परत आल्या तेव्हा पायाला वाळू आणि डोळ्यांत पाणी होतं. थोडं धान त्यांनी शेषरावांच्या कानावर खोवलं, थोडं माझ्या वायपरमध्ये.

"फेडलं देवीचं," त्या म्हणाल्या. "आता पुढच्या वर्षीचं पाहू."

तेव्हापासून मंगळवारचं देऊळ, हळदीकुंकू, नातेवाइकांची लग्नं, सगळीकडे आम्ही तिघं जातो. तुम्हाला माझं एकच मागणं आहे. भिलाईच्या रस्त्यावर एखादी पिवळी गाडी बैलगाडीच्या चालीनं चाललेली दिसली तर मागून हॉर्न देऊ नका. मी बिघडलेली नसते. तुळसाबाईंच्या केसांतला गजरा उडू नये म्हणून शेषराव जपून चालवत असतात. पण कधी कधी रस्ता मोकळा मिळतो, आणि त्या पदर कमरेला खोचून हळूच म्हणतात, "आता जराशी पळवा ना जी."

तेव्हा मात्र कृपा करून बाजूला व्हा.