दोघांची सायकल

सायकल क्लबात सगळेच तिला ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, आणि क्लबात एकदा तोंडात बसलेलं नाव सुटत नाही.

भाऊ घड्याळजी, नवरा बेकरीवाला. दोघांनाही सायकलचं वेड, आणि वेड म्हणजे अगदी डोक्यावर पडल्यासारखं. क्लबाची टाइम ट्रायल असली की पेट्रोल पंपापाशी एकेकाने सुटायचं, मिनिटामिनिटाच्या अंतराने. धरणाच्या पुलाला वळसा घालून परत यायचं. शेजारी कोणी नाही, आडोशाला कोणाची पाठ नाही, भांडण फक्त घड्याळाशी. आणि ते घड्याळ ताईच्या हातात. नवरा एका पारड्यात, पाठचा भाऊ दुसऱ्यात. कोणीही जिंकलं तरी घरात एक तोंड फुगलेलंच.

भाऊ जिंकला की नवरा म्हणे, "माहेरच्यांसाठी घड्याळ जरा हळू चालतं वाटतं."

नवरा जिंकला की भाऊ उसासा टाकी, "ताई, तू अगदी सासरची झालीस गं."

ती दोघांनाही एकाच सुरात गप्प करायची. पण खरं सांगायचं तर दूर वळणावर ठिपका दिसायला लागला, की तो कोणाचा आहे हे तिला खांद्यांवरून कळायचं आणि छातीत धडधडायचं. दोघांसाठी सारखंच.

उन्हाळ्यात परदेशातली ती तीन आठवड्यांची मोठी शर्यत सुरू झाली, की बेकरीच्या मागच्या खोलीत रेडिओ लागे. खरखरीतून नावं वेचायची, मळायच्या टेबलावर मैद्याच्या गोळ्यांचे डोंगर रचायचे आणि बाटल्यांची झाकणं त्यावरून चढवायची. भावाचा जीव डोंगरात उडणाऱ्या एका काटकुळ्या गड्यावर. नवऱ्याचा सपाटीवरच्या एका दांडग्यावर. एकदा तर दोघांनी एकमेकांशी अबोला धरला, का, तर समुद्रापार कोणा परक्याने दुसऱ्या परक्याला कोपर मारलं म्हणून. अबोल्यातही झाकणं मात्र दोघं मिळून सरकवत होते. ताई हसून हसून बेजार झाली होती.

मग वर्षं गेली. रेडिओ गेला, टीव्ही आला. काटकुळा आणि दांडगा दोघेही निवृत्त झाले, त्यांच्या जागी पोरांच्या वयाचे गडी आले. आणि भावाचे डोळे जायला लागले.

आधी केसाएवढ्या स्प्रिंगा दिसेनाशा झाल्या, मग काटे, मग माणसांचे चेहरे. नजरेच्या मधोमध धुकं, कडेने तेवढा उजेड. दुकान बंद केलं ते त्याने हसत सांगितलं. पण रस्त्याकडेला उभ्या हातगाडीवर सायकल आदळली, त्या दिवसापासून तो सायकलबद्दल बोलेनासाच झाला.

नवऱ्याने आपलीही सायकल पिठाच्या खोलीत खुंटीला टांगली. "गुडघा कुरकुरतो," म्हणाला. गुडघ्याचं नाव पुढे केलं, एवढंच. ताईला ते कळत होतं.

त्या उन्हाळ्यात भाऊ शर्यत बघायला आला. बघायला म्हणजे बसायला.

"दाजी, काय चाललंय?"

"चाललेत," नवरा म्हणाला. तो मुळातच तोलूनमापून बोलणारा.

"कोण पुढे आहे?"

"आहेत चारपाच जण."

भावाने हातातला कप तसाच खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. टीव्हीवर डोंगर येत होते, जात होते, आणि नवरा आवाज बंद करून बघत होता. ताईला ते घर खायला उठायचं.

क्लबाचा कारभार आता एक नर्सबाई बघायची. पाव घ्यायला आली असताना ती सहज बोलून गेली, की हॉस्पिटलच्या व्यायामाच्या खोलीत दोघांनी मिळून चालवायची एक सायकल धूळ खात पडली आहे, दोन सीटं, चार पायडल. ताईने पिशवी तिच्या हातात द्यायच्या आधीच ती सायकल मागून घेतली.

बेकरीसमोर ती लांबलचक सायकल उभी राहिली, तेव्हा दोघेही बिथरले. नवरा म्हणाला, "ही सायकल आहे की शिडी?"

भाऊ चाचपत मागच्या सीटपर्यंत गेला आणि थांबला. "दाजींच्या मागे? अख्खी उमर त्यांना मागे टाकलं, आता त्यांची पाठ बघत बसू?"

"बघणार कुठे आहेस!" ताईच्या तोंडून निघून गेलं.

ताईने ओठ चावला. मग भाऊ जो हसत सुटला, तो पोट धरून खाली पायरीवरच बसला. पुष्कळ दिवसांनी तो असा हसला होता. नवराही हसला, आणि हसता हसता तोंड फिरवून त्याने डोळे पुसले.

पहिल्या फेरीत दोघे रिकाम्या पोत्यांच्या ढिगात जाऊन पडले. "सांगायचं नाही का ब्रेक मारताना?" भाऊ ओरडला. चूक नवऱ्याच्या लक्षात आली: मागच्याला दिसत नाही, तेव्हा पुढच्याने बोललंच पाहिजे. खड्डा, वळण, चढ, कुत्रं. आयुष्यभर शब्द वाचवलेला माणूस आता पहाटेच्या भट्ट्या लावून झाल्या की रस्ताभर बोलत सुटायचा. सुरुवातीला नुसते शब्द, मग वाक्यं. "डावीकडे वळतोय. शाळेची भिंत. निळी केलीय, भयंकर दिसते." ताईला गल्लीच्या टोकापासून त्याचा आवाज ऐकू यायचा, आणि हा नक्की आपलाच नवरा ना, असा प्रश्न पडायचा.

टाइम ट्रायलच्या दिवशी नर्सबाईने ताईलाच वेळ घ्यायला बोलावलं. चकचकीत हेल्मेटवाली तरुण मंडळी एकामागून एक सुटली. शेवटी हे दोघे. ताईने मागून सीट धरली, आकडे मोजले आणि सोडलं. सायकल आधी झोकांडली, मग सरळ झाली. "खड्डा!" असा आवाज देत ती वळणाआड गेली.

सगळे परत आले तरी यांचा पत्ता नाही. ताईने पदराने चारदा तोंड पुसलं. कुठे पडले तर नसतील? हातात घड्याळ नसतं तर ती धावतच शोधायला गेली असती. आणि मग वळणावर ठिपका दिसला. रुंद, चार खांद्यांचा.

"जोर लावा, दाजी! झोपलात काय?"

"तूच पायडलवर नुसते पाय ठेवलेस!"

ताई धावली. रेषेच्या पुढे, रस्त्याच्या कडेने, हात उंचावत, "मारा! मारा! शाब्बास रे!" असं गळा फाटेपर्यंत ओरडत. ते तिच्या जवळून घामाघूम, वाऱ्यासारखे गेले, रेषा ओलांडली आणि पुढे कुंपणाला टेकून थांबले.

"वेळ किती, ताई?" भावाने धापा टाकत विचारलं.

तिने हाताकडे पाहिलं. घड्याळ चालूच होतं.

"बंद करायला विसरले," ती म्हणाली.

दोघांनी तिला जे फैलावर घेतलं! एवढ्या वर्षांत एकदा दोघे एकाच बाजूला आले आणि नेमकी तेव्हाच हिने वेळ गमावली, असं म्हणत दोघे एकसुरात तिच्यावर तुटून पडले. नर्सबाईने काय लिहू विचारलं, तर भाऊ म्हणाला, "विक्रम लिहा. तपासणार कोण?" तिने त्यांच्या नावापुढे नुसती रेघ ओढली.

घरी जाताना सायकल दोघांनी ढकलत नेली. भावाचा हात मागच्या सीटवर, नवऱ्याचा हँडलवर. नवरा सांगत होता, "इथला तो टायरवाला गेला बरं का. आता औषधांचं दुकान आहे. वर एक बाई कपडे वाळत घालतेय, पिवळी चादर आहे. त्या बाकावर दोन पोरं बसलीत, एकच आइस्क्रीम खातायत."

"भांडतायत का?"

"अजून नाही."

भाऊ समाधानाने मान हलवत राहिला. ताई मुद्दाम दोन पावलं मागे राहिली आणि ऐकत चालली.