फळ्यावर लिहिलेली वेळ

तिने एका धडधाकट माणसाचा गुडघा फोडला होता, म्हणून मच्छीमार सोसायटीने तातडीची बैठक बोलावली. गुडघ्यासाठी बोलावली, तिच्यासाठी नव्हे.

बाकी सगळे जाळी टाकायचे आणि ही एकटी गळ लावून बसायची, म्हणून तिला गळवाली म्हणत. जाळ्याला चार हात लागतात, गळाला शांतता लागते. जवळच्या काठावर जाळ्यांनी पाणी ढवळलेलं असतं, तिथे गळाला शेवाळाशिवाय काही लागत नाही. त्यामुळे बावीस वर्षं ती दीड तास वल्हवत तलावाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर जायची. तिथे वस्ती नाही, फोनला रेंज नाही. पण ती काही डोळे मिटून जात नव्हती. होडीचं तोंड कायम पाण्याकडे, दोर एका हिसक्यात सुटेल अशा गाठीचा, वल्हं उजव्या हाताशी. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. शिकवायला येणारे सगळे आता, घटना घडून गेल्यावर उगवले होते.

मंगळवारी दुपारी दोघं जण मोटरसायकलवरून उतरले. मासे मिळाले का, अशी गोड चौकशी झाली. मग एक जण सरळ होडीच्या काठावर येऊन बसला.

"एकटीच ना तू? चारला निघणार. अजून दोन तास आहेत."

आणि त्याने तिचं मनगट धरून पिरगळलं. तिने मोकळ्या हाताने आमिषाचा डबा उचलला आणि चार दिवसांची कुजलेली आतडी त्याच्या डोळ्यांत मारली. दुसरा धावला, त्याच्या गुडघ्यावर वल्हं बसलं. दोर ओढला, होडी सुटली. काठाला लागताच तिने सरळ पोलीस ठाणं गाठून तक्रार दिली.

ठाण्यात त्या दोघांनी सांगितलं, आम्ही रस्ता चुकलो होतो, बाईने उगाच मारलं. हवालदाराने ते निमूट लिहून घेतलं आणि तिला विचारलं, "तुम्ही तरी इतक्या लांब एकट्या कशाला जाता?" बावीस वर्षं जिचं पोट त्या किनाऱ्यावर चाललं, तिला हा प्रश्न.

आता शुक्रवारी सोसायटीच्या ऑफिसात, बर्फाच्या पेट्या बाजूला सारून, अकरा पुरुष खुर्च्यांवर बसले होते. चिटणीस तिचा सख्खा धाकटा भाऊ. तो वही उघडून मान खाली घालून बसला होता.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "पलीकडच्या किनाऱ्यावर बाईमाणसाने एकटीने जायचं नाही. गळवालीचा तिकडचा परवाना रद्द. हे तिच्याच भल्यासाठी आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात पिरगळणारे मोकळे, आणि घरी बसायचं हिने.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "मी चारला निघते, हे त्याला कुठून कळलं?"

सगळ्यांची नजर दाराकडे गेली. दाराबाहेर, भर रस्त्याकडे तोंड करून, फळा टांगलेला होता. मागच्या वर्षी एक म्हातारा मच्छीमार बुडाला आणि दोन दिवस कोणाला पत्ता नव्हता, तेव्हा भावाने हौसेने तो सुरू केला. कोण गेलं, कुठे गेलं, परत कधी निघणार, सोबत कोण. तिला तेव्हा भावाचं केवढं कौतुक वाटलं होतं. मंगळवारचा मजकूर अजून पुसलेला नव्हता. गळवाली, पलीकडचा किनारा, परत निघणार चार वाजता, सोबत कोणी नाही. अक्षर त्याचंच, वळणदार.

तिने भावाकडे पाहिलं. लहानपणी काही फोडलं की तो असाच कानापर्यंत लाल व्हायचा.

"ते इथे आले होते ना?"

"फळा वाचत उभे होते," तो कसाबसा म्हणाला. "पलीकडे जायचा रस्ता विचारला. मी सांगितला. चांगल्या घरची वाटली गं तायडे."

"म्हणजे रस्ता चुकले नव्हते. तू दाखवलास. हे तुला मंगळवारपासून माहीत आहे, आणि तू तीन दिवस मूग गिळून बसलास."

अध्यक्ष घाईने म्हणाले, "हे काही वहीत घ्यायची गरज नाही. सोसायटीचं नाव खराब होईल."

"लिही," ती भावाला म्हणाली. "ते कधी आले, काय विचारलं, तू काय सांगितलंस, सगळं लिही. खाली सही कर. मग माझ्याबरोबर ठाण्यात चल आणि तुझ्या तोंडाने सांग. परवाना कोणाचा रद्द करायचा ते नंतर बघू."

अध्यक्षांनी त्याला खुणेने नको म्हटलं. त्याने ती खूण पाहिली आणि तरी लिहायला घेतलं. पान भरेपर्यंत ती त्याच्या डोक्याशी उभी राहिली. ठराव मांडायला उठलेले अध्यक्ष केव्हातरी खाली बसले. सही करताना पान धरायला तिने हात पुढे केला, तेव्हा बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत हात काळानिळा पडला होता.

भावाचं पेन थांबलं. "तायडे, तुला फार लागलं का गं?"

"तीन दिवस झाले," ती म्हणाली. "आज विचारलंस. सही कर."